पूतना, प्रेक्षक आणि फाइल

महाराष्ट्राबाहेर चाकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी माणसाकडे शेजारीपाजारी सहसा गोड चौकश्या करतात. पुरणपोळीची कृती विचारतात, गणपती किती दिवसांचा म्हणून विचारतात, नाटकाचे वेड कोठून आले म्हणून कौतुकाने विचारतात. गेल्या काही वर्षांत मात्र एक कडू प्रश्न अधूनमधून कानांवर येऊ लागला आहे. २०१९ साली 'पोशम पा' नावाचा हिंदी चित्रपट झी फाइव्हवरून घरोघर पोहोचला. सुमन मुखोपाध्याय यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात माही गिल, सायनी गुप्ता आणि रागिणी खन्ना यांनी एका आईची व तिच्या दोन मुलींची कामे केली आहेत. कथेतील नावे बदललेली असली, तरी ही माणसे कोण हे ओळखण्यास मराठी माणसाला श्रम पडत नाहीत. कोल्हापूरच्या न्यायालयात ज्यांचा खटला चालला, त्या अंजनाबाई गावित आणि तिच्या मुली रेणुका शिंदे व सीमा गावित यांचीच ती कथा आहे.

चित्रपटाच्या गुणदोषांविषयी लिहिण्याचा आमचा विचार नाही. अभिनय कोणाचा सरस, पटकथा कोठे सैल, हे सांगणारे जाणकार पुष्कळ आहेत. आमचे भांडण आहे ते प्रेक्षकांशी. सरकारी वसाहतींच्या गच्चीवर, कचेरीतील चहाच्या वेळी, मंडळाच्या कार्यक्रमानंतर पाने वाढेपर्यंतच्या गप्पांत, या चित्रपटाबद्दल आणि या जातीच्या इतर चित्रपटांबद्दल जी मते आम्ही ऐकत आलो, त्यांत एक विलक्षण एकसारखेपणा आहे. मते परस्परविरुद्ध दिसतात. कोणी संतापतो, कोणी हळहळतो, कोणी फाशी मागतो. परंतु या साऱ्यांचे फलित एकच. बोलणारा माणूस स्वतः त्या प्रकरणातून अलगद बाहेर पडतो. हे बाहेर पडणे आम्हांस मान्य नाही, आणि आपल्यासारख्या सरकारी माणसांना तर ते मुळीच शोभत नाही, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

प्रथम हकीकत थोडक्यात सांगणे अवश्य आहे; कारण चित्रपट पाहिलेल्यांनाही ती नीट ठाऊक नसते. जत्रा, देवळे, बाजार, एस. टी. स्थानके अशा गर्दीच्या ठिकाणी पाकीटमारी व दागिन्यांची चोरी करणे हा या मायलेकींचा धंदा. कडेवर मूल असलेल्या बाईचा संशय येत नाही, आणि संशय आलाच तर मुलाकडे पाहून लोक हात आवरतात, हे त्यांनी हेरले. म्हणून १९९० ते १९९६ या काळात निरनिराळ्या गावांतून त्यांनी लहान मुले पळविली. कोल्हापूरच्या देवळात एक मुलगी चोरी करताना पकडली गेली, तेव्हा आईने कडेवरचे पोर जमिनीवर आपटले. लोकांचे लक्ष रक्तबंबाळ पोराकडे वळले आणि चोर निसटला. मूल अडचणीचे झाले, रडू लागले, ओळख देईल असे वाटले, की त्याचा जीव घ्यावयाचा, असा क्रम होता. तेरा मुलांचे अपहरण व त्यांपैकी नऊ जणांचा खून असे आरोप ठेवले गेले. ते सगळेच खून न्यायालयात सिद्ध झाले नाहीत. लोक मात्र गप्पांत चाळीस-चाळीस मुलांचा आकडा सांगतात. मेलेल्या मुलांचा आकडा फुगविल्याने कोणाचे दुःख मोठे होते, हे आम्हांस अद्याप उमगलेले नाही.

आई निकाल लागण्यापूर्वीच कैदेत वारली. रेणुकेचा नवरा माफीचा साक्षीदार झाला आणि सुटला. २००१ साली कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने दोघी बहिणींना फाशीची शिक्षा सांगितली. २००४ साली मुंबई उच्च न्यायालयाने व ३१ ऑगस्ट २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. पुढे काय झाले ते यथाक्रम येईलच.

आता प्रतिक्रियांकडे वळू. सर्वांत आधी आणि सर्वांत मोठ्याने ऐकू येणारी प्रतिक्रिया म्हणजे, “बाई असून असे करवले तरी कसे!” या उद्गारापाठोपाठ 'पूतनामावशी' हा शब्द हटकून येतो. हा उद्गार काढणाऱ्यांना आम्ही एक साधा प्रश्न विचारतो. १९७६-७७ साली पुण्यात जोशी आणि अभ्यंकर या कुटुंबांसह दहा माणसांचे खून पाडणारी चार तरुण मुले कलाशिक्षण घेणारी होती. त्यांना १९८३ साली येरवड्यास फाशी दिले गेले. १९८६ साली त्या प्रकरणावर 'माफीचा साक्षीदार' हा चित्रपटही निघाला. तो पाहून “पुरुष असून असे करवले तरी कसे!” असे कोणी म्हटल्याचे वाचकांस स्मरते काय? साठीच्या दशकात मुंबईच्या फुटपाथवर झोपलेल्या माणसांची डोकी फोडणाऱ्या रामन राघवबद्दल लिहिताना कोणी त्याच्या पुरुषत्वाला हाक मारली होती काय? पुरुषाने खून केला तर तो खुनी. बाईने केला तर ती बाईपणाला कलंक. म्हणजे शिक्षा दोन गुन्ह्यांची. एक दंडसंहितेत लिहिलेला. दुसरा कोठेच लिहिलेला नाही, पण बैठकीच्या खोलीत तोच अधिक गंभीर ठरतो.

येथे न्यायालयाची आणि प्रेक्षकांची दृष्टी शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. २००६ सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने असा अभिप्राय दिला, की या दोघी स्त्रिया आहेत एवढी एक गोष्ट सोडली, तर शिक्षा सौम्य करावी असे एकही कारण दिसत नाही. म्हणजे न्यायालयाच्या ताजव्यात त्यांचे स्त्रीत्व, कितीही हलके का होईना, दयेच्या पारड्यात पडले. प्रेक्षकांच्या ताजव्यात तेच स्त्रीत्व दुसऱ्या पारड्यात धोंड्यासारखे आदळते. गुन्हा तोच, पुरावा तोच. पण एका ठिकाणी जी गोष्ट सवलतीची, तीच दुसऱ्या ठिकाणी आरोपाची. आम्ही असे म्हणत नाही, की न्यायालयाने त्यांना स्त्रिया म्हणून सोडावयास हवे होते. आम्ही इतकेच म्हणतो, की ज्या गोष्टीचा गुन्ह्याशी संबंध नाही तिच्यावर संताप खर्च केला, म्हणजे ज्या गोष्टीचा संबंध आहे तिच्यासाठी तो शिल्लक उरत नाही.

आणि तो उरत नाही याचा पुरावा हवा असेल, तर त्या माफीच्या साक्षीदाराची आठवण कोणाला आहे ते विचारून पाहावे. तपासाला त्याच्या जबानीची गरज होती, कायद्याने त्यासाठी माफीची वाट ठेवलेली आहे, आणि त्या माफीवाचून कदाचित काहीच सिद्ध झाले नसते, हे सर्व आम्हांस मान्य आहे. कायद्याने त्याला सोडले, तेव्हा आम्हीही त्याला पुन्हा पिंजऱ्यात उभा करीत नाही. परंतु प्रेक्षकांनी त्याला सोडले ते कायदा वाचून नव्हे. त्यांना तो दिसलाच नाही. तिघी बायकांच्या भीषण चित्रात पुरुषाची आकृती मावत नव्हती, म्हणून ती नजरेने पुसून टाकली. ज्या दृष्टीला पडद्यावरचा माणूस दिसत नाही, ती पडद्यामागचे काय पाहणार?

पूतनेचा दाखला देणाऱ्यांनी आणखी एक विचार करावा. पूतना राक्षसी होती. तिला गोकुळात कोणी ओळखत नव्हते. ती बाहेरून आली आणि देवाने तिचा निकाल लावला. कोणाला राक्षसी म्हटले, की आपण तिला माणसांच्या हिशेबातून वगळतो. मग तिच्याविषयी काही समजून घ्यावयाचे उरत नाही, आणि गोकुळातल्या कोणाला काही विचारावयाचेही उरत नाही. परंतु कायदा राक्षसांसाठी नसतो. या बायका माणसे होत्या म्हणूनच त्यांच्यावर खटला चालला, त्यांना वकील मिळाला, तीन न्यायालयांनी त्यांचे म्हणणे ऐकले. त्यांना पूतना म्हणणारा प्रेक्षक त्यांच्यावर अधिक रागावलेला नसतो. तो अधिक निर्धास्त झालेला असतो.

दुसरी प्रतिक्रिया पहिलीच्या उलट आणि अधिक सुसंस्कृत. ती वाचणाऱ्या, विचार करणाऱ्या मंडळींची. “अहो, त्या मुलींचे बालपण पाहा. आईनेच असे वळण लावले. नवऱ्याने आईला टाकले. परिस्थिती माणसाला काय करावयास लावील याचा नेम नाही.” चित्रपटाचाही कल काहीसा असाच आहे, त्यात माहितीपट करणारी दोन तरुण माणसे या बहिणींना बोलते करतात आणि दोष कोणाचा हा प्रश्न प्रेक्षकांपुढे ठेवतात. प्रश्न ठेवण्यात वावगे काही नाही. वावगे आहे ते त्याचे उत्तर फार लवकर मिळण्यात.

या मंडळींना एक परदेशी उदाहरण फार आवडते, म्हणून त्याचाही परामर्श घेऊ. अमेरिकेत फ्लॉरिडा राज्यात आयलीन वूर्नोस नावाच्या स्त्रीने १९८९-९० मध्ये सात पुरुषांना गोळ्या घालून मारले. २००२ साली तिला मृत्युदंड दिला गेला, आणि पुढच्याच वर्षी तिच्यावर 'मॉन्स्टर' हा चित्रपट आला. त्यातील भूमिकेबद्दल शार्लीझ थेरॉन हिला ऑस्कर पारितोषिक मिळाले. तो पाहून जगभर प्रेक्षकांचे डोळे भरून आले. सुंदर नटीने स्वतःला विद्रूप कसे करून घेतले, वजन किती वाढविले, दात कसे लावले, याचे कौतुक तर आजही थांबलेले नाही. त्या करुणेला थोडासा आधार होता. लहानपणापासून तिच्या वाट्याला आलेले हाल खरे होते. रस्त्यावर देहविक्रय करून ती जगत होती. पहिल्या माणसाने आपल्यावर अत्याचार केला असे तिचे म्हणणे होते. आणि त्या माणसाला पूर्वी एका स्त्रीवर बलात्काराच्या प्रयत्नाबद्दल शिक्षा झालेली होती, हे तिला मृत्युदंड सांगितल्यानंतर उजेडात आले. बाकीच्या सहांच्या मृत्यूचे समर्थन त्याने होत नाही. पण निदान एका खुनाच्या बाबतीत खरे काय घडले असा प्रश्न मनात येण्यास जागा होती.

तेथली करुणा उचलून येथे आणून चालणार नाही. येथे मेलेल्यांत कोणी अत्याचारी पुरुष नव्हता. ती दोन-चार वर्षांची, त्याहूनही लहान पोरे होती. त्यांनी कोणाचे काही केलेले नव्हते. परिस्थितीने माणूस चोर होतो हे आम्ही समजू शकतो. उपाशी माणसाने पाकीट मारले तर त्याच्यासाठी रदबदलीही करू. पण चोरी सोपी जावी म्हणून दुसऱ्याचे मूल उचलणे आणि काम संपल्यावर ते संपविणे, हे सहा वर्षे चाललेले कृत्य परिस्थितीच्या खात्यावर टाकता येत नाही. त्याच परिस्थितीत वाढलेल्या, नवऱ्याने टाकलेल्या, झोपडीत राहणाऱ्या हजारो बाया आपल्या पोटाला चिमटा घेऊन शेजारणीचेही पोर सांभाळतात. परिस्थितीचे निमित्त पुढे करणारा सुशिक्षित प्रेक्षक गुन्हेगाराशी उदारपणे वागत असेल. त्या हजारो बायांचा तो अपमानच करतो.

कारण शोधणे आणि सुटका करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. कारण अवश्य शोधावे. परंतु मग ते एकाच घरात शोधून थांबू नये. आईने मुलींना कसे वाढविले हे विचारणाऱ्याने पुढचा प्रश्नही विचारावा: मुलांपाठोपाठ मुले गर्दीतून नाहीशी होत असता सहा वर्षे कोणाच्या लक्षात कसे आले नाही?

येथेच या सर्व गप्पांतील सर्वांत मोठी उणीव उघडी पडते. ज्यांनी चित्रपट पाहिला त्यांना नटी आठवते, तिचे डोळे आठवतात, पार्श्वसंगीत आठवते. त्या पोरांपैकी एकही त्यांना आठवत नाही. आम्ही त्यांच्याच वयाचे आहोत. ती नाहीशी होत होती त्या वर्षांत आम्हीही आईचे बोट धरून जत्रेत हिंडत होतो, आणि “हात सोडशील तर बघ” हे वाक्य आमच्याही कानांवर पडत होते. आमचा हात सुटला नाही. त्यांचा सुटला, किंवा सोडविला गेला. या पलीकडे त्यांच्यात आणि आमच्यात फरक काय? एक फरक मात्र असू शकतो. फुटपाथवर वा देवळाच्या पायरीवर ज्यांचा संसार, अशा आईबापांचे मूल हरवले तर ठाण्यातील टेबलापाशी त्यांना कसे वागविले जाते, हे सरकारी माणसाला सांगावयास नको. “येईल परत, बघा नातेवाइकांकडे” म्हणून तोंडी बोळवण, आणि फार तर एका वहीत नोंद. हरवलेल्या प्रत्येक मुलाची तक्रार गुन्हा म्हणूनच नोंदवावी आणि अपहरण झाले असे गृहीत धरूनच तपास करावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयास द्यावा लागला तो २०१३ साली. म्हणजे शेवटचे मूल नाहीसे झाल्यावरही सोळा-सतरा वर्षांनी. हे जे आदेश काढावे लागतात ते कोणत्या पूतनेमुळे?

तिसरी प्रतिक्रिया फाशीची. “अशांना अजून जिवंत ठेवले आहे? काय हा आपला कायदा!” चित्रपट संपला की हे वाक्य ठरलेले. ते म्हणणारा बहुधा सरकारी नोकर असतो, हे विशेष. त्याच्यासाठी आम्ही मघाशी अर्धवट सोडलेली हकीकत पुरी करतो, आणि ती जरा सावकाश सांगतो. कारण ती आपल्या घरची आहे.

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २००६ सालचा. त्यानंतर राहिला तो दयेचा अर्ज. घटनेच्या १६१व्या कलमान्वये राज्यपालांकडे आणि ७२व्या कलमान्वये राष्ट्रपतींकडे. अर्ज तुरुंगातून गृहखात्याकडे जावयाचा, तेथून टिप्पणीसह वर चढावयाचा, कागदपत्रे मागवावयाची, निर्णय व्हावयाचा. मग तोच प्रवास केंद्रीय गृहमंत्रालयात. हा प्रवास पुरा होऊन राष्ट्रपतींचा नकार आला तो २०१४ साली. फाशीची तयारी सुरू झाली. स्वतंत्र भारतात प्रथमच स्त्रियांना फाशी होणार, अशी वर्तमानपत्रे रंगली. आणि दोघी बहिणी मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. त्याच वर्षी जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने शत्रुघ्न चौहान यांच्या प्रकरणात असा निर्णय दिलेला होता, की दयेच्या अर्जावर अवाजवी व अकारण विलंब झाला तर तेवढ्या कारणाने फाशीची जन्मठेप होऊ शकते. १८ जानेवारी २०२२ रोजी उच्च न्यायालयाने या दोघींची फाशी रद्द करून जन्मठेप दिली. कारण? सात वर्षे आणि दहा महिन्यांहून अधिक विलंब. गुन्हा लहान ठरला नाही, पुरावा खोटा ठरला नाही, त्या बदलल्या असेही कोणी म्हटले नाही. फाइल हलली नाही, एवढेच. इतका गंभीर विषय हाती असताना, त्वरित संपर्काची विजेची साधने उपलब्ध असताना, कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जावयास वर्षे लागावीत, याबद्दल न्यायालयाने शासनाच्या यंत्रणेला स्पष्ट शब्दांत दोष दिला.

२०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने ही जन्मठेप कायम ठेवली. मात्र ती त्यांच्या आयुष्याच्या अखेरपर्यंत, कोणत्याही सवलतीवाचून भोगावयाची, असे ठरविले. आणि ज्यांना या प्रकारात केवळ एकच अपवाद दिसत असेल त्यांच्यासाठी आणखी एक उदाहरण. २००७ साली पुण्यात एका कंपनीतील तरुण कर्मचारी स्त्रीवर बलात्कार करून तिचा खून करणाऱ्या दोघांची फाशीही २०१९ साली अशाच विलंबापायी जन्मठेपेत बदलली गेली. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक राज्याच्या गृहखात्यात दयेच्या अर्जांसाठी स्वतंत्र कक्ष ठेवण्याचा आदेश दिला.

आता आम्ही विचारतो, या नाटकातील मुख्य पात्र कोणते? पडद्यावर तीन बायका दिसतात. पण शेवटचा अंक ज्याने लिहिला ते पात्र पडद्यावर नाही. ते तांबड्या फितीत बांधलेले, कोपऱ्यावर क्रमांक घातलेले, कोणाच्या तरी टेबलाच्या डाव्या बाजूला पडलेले होते. त्याच्यावर काय काय शेरे पडले असतील याची कल्पना करावयास आपल्याला दिग्दर्शक नको. 'कृपया चर्चा करावी.' 'पूर्वीचे कागद जोडून पुन्हा सादर करावे.' 'संबंधित विभागाचे अभिप्राय मागवावेत.' मग स्मरणपत्र. मग स्मरणपत्राचे स्मरणपत्र. मग ज्यांनी अभिप्राय मागविला त्या साहेबांची बदली. कचेरीत जन्म घालविलेल्या माणसाला हे सारे पाठ असते. यातला एकही शेरा बेकायदा नसतो आणि एकही माणूस दोषी नसतो. प्रत्येकाने आपले काम चोख केलेले असते. तरी साऱ्या मिळून सात वर्षे दहा महिने होतात.

केंद्र सरकारचे नोकर यावर चटकन म्हणतील, की न्यायालयाने ठपका ठेवला तो मुख्यतः राज्य शासनावर. आमचा काय संबंध? आम्हीही केंद्र सरकारचेच कारकून आहोत, आणि हा युक्तिवाद आम्हांस चांगला ओळखीचा आहे. दुसऱ्या कचेरीच्या टेबलावरची धूळ दाखवून आपल्या टेबलावरची झाकण्याची ही जुनी विद्या आहे. जो कारकून आपल्या हातातील निवृत्तिवेतनाचा कागद चार महिने खाली दाबून ठेवतो, त्याने गृहखात्यातील त्या अनामिक कारकुनाला नावे ठेवू नयेत. दोघांच्या हाताखाली माणसेच असतात. एकाच्या हाताखाली विधवा असते, दुसऱ्याच्या हाताखाली फाशीचा दोर असतो, इतकाच फरक.

फाशीची शिक्षा असावी की नसावी, या वादात आम्ही येथे शिरत नाही. शिरण्याची गरजही नाही. ज्यांना फाशी हवी आहे त्यांनी ध्यानात घ्यावे, की ती कोणा दयाळू माणसाने अडविली नाही; दप्तरदिरंगाईने अडविली. ज्यांना फाशी नको आहे त्यांनी ध्यानात घ्यावे, की दोन माणसांना जवळजवळ आठ वर्षे रोज सकाळी 'आज की उद्या' या प्रश्नासह उठविणे ही दया नव्हे. त्यांनी गुन्हा कितीही नीच केलेला असो. त्यांना सांगितलेली शिक्षा ही नव्हती. आणि ज्या आईबापांची मुले गेली, त्यांना तर एक उत्तर मिळावयास १९९६ पासून २०२३ साल उजाडले. विलंबाविरुद्ध केलेल्या अर्जाचा निकाल लागण्यासही २०१४ पासून २०२२ साल उजाडावे, हे तर आमच्या व्यवस्थेलाच सुचू शकते. कोणत्याही बाजूने पाहा, या विलंबाचा लाभ कोणालाही झालेला नाही. असे असता, “काय हा आपला कायदा!” म्हणून कायद्याला बोल लावणे हे अज्ञान आहे. कायद्याने आपले काम दहा वर्षांत तीन न्यायालयांतून पुरे केले. कागदाने केले नाही.

चौथी प्रतिक्रिया आपल्या परमुलखातील स्थितीतून निघते. परप्रांतीय शेजारी विचारतो, “तुमच्या महाराष्ट्रात अशा बायका असतात?” आणि बृहन्महाराष्ट्रातील मराठी माणूस घाईघाईने सांगतो, “छे, छे, ती माणसे आपल्यातली नव्हेत.” आपल्यातली म्हणजे कोणातली? या एका शब्दात जात, वस्ती, शिक्षण, पगार सारे येऊन जाते. सबंध जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविणारा १८७१ सालचा कायदा स्वतंत्र भारताने १९५२ साली रद्द केला. पण तो आपल्या बोलण्यातून अजून रद्द व्हावयाचा आहे. पुण्याचे ते चार तरुण कोणातले होते? त्यांना आपल्यातले म्हणावे लागले, म्हणूनच तर पुणे तेव्हा हादरले. शेजाऱ्याला उत्तर द्यावयाचे तर असे द्यावे: होय, त्या आमच्याकडच्या होत्या, त्यांना पकडणारे पोलीसही आमच्याकडचे, त्यांना दोषी ठरविणारे कोल्हापूरचे न्यायालयही आमच्याकडचे, आणि ती मुलेही आमच्याच गावांची. मुलुखाचा अभिमान चांगल्या नाटकांपुरता आणि गुन्ह्याच्या वेळी परकेपणा, हा व्यवहार प्रामाणिक नव्हे.

यावर आम्हांला ठरलेले उत्तर मिळते. “अहो, दिवसभर कचेरीत राबून घटकाभर करमणूक करावयाची, तर त्यात एवढा काथ्याकूट कशाला?” करमणुकीवर आमचा राग नाही. भयानक आणि बीभत्स हे रसही आपल्या शास्त्रकारांनी मानलेलेच आहेत. परंतु ते ज्या नाटकांतून येतात त्यांतील मेलेला माणूस पडदा पडल्यावर उठून रंग पुसतो. येथे पुसता येत नाही. ज्या दुःखाचा मालक अद्याप हयात आहे, त्या दुःखावर करमणूक करावयाची तर तिचे भाडे द्यावे लागते. भाडे फार मोठे नाही. पाहिल्यावर थोडा वेळ खरा विचार करावा, इतकेच. “अंगावर काटा आला, दुसरा भाग हवा होता” असे म्हणणारा ते भाडे बुडवितो.

तेव्हा असे चित्रपट पाहू नयेत असे आमचे म्हणणे नाही. पाहावेत. पण पाहून झाल्यावर तीन प्रश्न विचारावेत. मेले ते कोण होते? ते नाहीसे झाले तेव्हा त्यांची नोंद कोणी घेतली? आणि शिक्षा सांगितल्यावर तो कागद कोठे अडला? या तीन प्रश्नांत बाई हा शब्द नाही, राक्षसी नाही, बालपण नाही आणि महाराष्ट्रही नाही. म्हणूनच ते विचारावयास जड जातात. त्यांची उत्तरे ठाण्यात आणि कचेरीत आहेत, आणि तेथे आपण बसतो.

तिघींपैकी एक कधीच मेली; दोघी उरलेले आयुष्य भिंतीआड काढतील. त्यांचे आता काही व्हावयाचे राहिलेले नाही. आपले राहिले आहे. उद्या साडेनऊ वाजता आपण टेबलापाशी जाऊन बसू. डाव्या बाजूला कागदांची चळत असेल. तिच्या तळाशी कोणाचा कागद आहे, हे चळत उचलल्याखेरीज कळत नाही. पूतनेला शिव्या देऊन झाल्या असतील, तर ती चळत उचलावी.